सांगलीत राहतो, कॅमेरा नाही, शिक्षण कॉमर्सचं. पक्षी-प्राणी ओळखायला शिकता येईल का?

येईल की. मीही बी.कॉम.च आहे. दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, लिहितो आणि सकाळी सायकलवरून हरिपूरच्या संगमापर्यंत जाऊन येतो. कॅमेरा माझ्याकडे अजूनही नाही. एक जुनी दुर्बीण आहे आणि शंभर पानी वही.

पहिल्याच वर्षीची फजिती सांगतो. मे महिना होता. हरिपूर रस्त्याला एका चिंचेवर राखाडी पाठीचा, शेपटीवर पट्टे असलेला पक्षी दिसला. पुस्तक उघडलं, चित्र जुळलं, वहीत लिहिलं 'शिक्रा'. सलग तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी माझ्या शिक्र्यानं तोंड उघडलं आणि 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' सुरू केलं! तो होता पावशा. त्याचं सोंग इतकं हुबेहूब असतं की लहान पक्षीसुद्धा शिकारी समजून बिचकतात. पण शिक्र्याची चोच आकड्यासारखी वळलेली असते आणि पायांना शिकाऱ्याच्या नख्या असतात. पावशाची चोच बारीक, साधी. डोळ्याभोवती पिवळं कडं. मी रंग बघितला आणि मोकळा झालो. वाईट एवढंच वाटलं, की वहीत नुसतं नाव लिहिल्यामुळे पहिले तीन दिवस नेमका कोण दिसला होता, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

तेव्हापासून नाव शेवटी लिहितो. आधी आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग चोच, पाय, बसायची जागा, शेपटीची हालचाल, आवाज. जागेवरून निम्मं काम होतं. नदीकाठी ओरडणारी, डोळ्यापुढे लाल कातडं असलेली ती टिटवी. जत-आटपाडीकडच्या कोरड्या माळावर पिवळ्या कातड्याची दिसली तर माळटिटवी.

मोबाईलवर मर्लिन नावाचं अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवतं, पण ती सूचनाच समजा. आयनॅचरलिस्ट या नोंदींच्या संकेतस्थळावर पुरावा म्हणून फोटो किंवा आवाजाचं रेकॉर्डिंग लागतं. फोटो साध्या मोबाईलचा चालतो. तिथं निदान दोघांचं एकमत झाल्याशिवाय नोंद पक्की धरत नाहीत, हे मला आवडतं. शेतकऱ्यांनाही विचारा. शाळूच्या रानात माळ्यावर गोफण घेऊन बसलेला माणूस भोरड्यांचा थवा कुठल्या दिशेनं येतो ते पुस्तकापेक्षा चांगलं सांगतो. फक्त गावोगावी नावं बदलतात, म्हणून वर्णनही लिहून घ्या.

सागरेश्वरचं अभयारण्य, मायणीचा पक्ष्यांचा तलाव सवडीनं करा. आधी गच्ची आणि नदीकाठ. मात्र थंडीत कृष्णेच्या काठावर मगरी ऊन खात पडतात, तेव्हा पाण्यालगत उतरू नका. आणि साप ओळखायच्या नादात जवळ जायचं नाही. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत भलेभले चुकतात.

थंडी सुरू झाली, की आमच्या गोदामाच्या पत्र्यावर थिरथिरा येतो. काळा, पोट तांबूस, बसल्या बसल्या शेपूट थरथरवत राहतो. चिमणीएवढाच असतो. तुमच्या गच्चीच्या कठड्यावरही बघा, पहिली नोंद त्याचीच होऊ दे.