जुन्या सेडियाचं सस्पेन्शन ट्रॅकसाठी सुधारायचंय, सुरुवात कुठून करू?

दादा, तुमचा प्रश्न असा: 2007 ची मित्सुबिशी सेडिया, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. ट्रॅकवर सरळ पट्ट्यात टिकते, पण वळणात पुढून बाहेर सरकते आणि नव्या गाड्या आतून निघून जातात. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घ्याव्या की थेट कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा एकत्र संच)?

आत्ता दोन्ही घेऊ नका. आधी बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे, बदला.

माझ्याकडेही सेडियाच आहे. हिंगणघाटहून पांढरकवड्याकडे निघालं की हमरस्ता सोडून सात किलोमीटर आत माझं गाव. आमची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता बघता बघता लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीच्या लोअर आर्मचे (चाक खालून गाडीला जोडणाऱ्या दांड्याचे) बुश कसे झाले असतील, हे मी वाकून पाहिलंच नव्हतं. जुन्याच शॉकवर आखूड स्प्रिंगा चढवल्या आणि गाडी तेराशेवर किलोमीटर चालवत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला नेली.

तो ट्रॅक 2.1 किलोमीटरचा, म्हणजे लहानच. वळणावर वळण येतं, त्यामुळे सस्पेन्शनमधली खोट तिथे लपत नाही. दुसऱ्याच फेरीत गाडी वळणाच्या मध्यावर अचानक पुढून सुटायला लागली. कारण नंतर कळलं. स्प्रिंग आखूड झाल्यानं शॉकचा दांडा आधीच अर्धा आत गेलेला. वळणात गाडी झुकली की तो बंप स्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीला, टेकायचा. त्या क्षणी स्प्रिंग संपते, बाहेरच्या चाकावर भार एकदम येतो आणि टायर पकड सोडतो. स्प्रिंगा कडक होत्या, शॉक मात्र त्यांना आवरू शकत नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब. गाडी फार खाली आणली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं. मग झुकताना चाकाला जो निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं) मिळायला हवा, तो मिळत नाही, आणि टायर बाहेरच्या कडेवर घासतो. शिवाय ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो रोल सेंटर, वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली सरकतो. म्हणजे झुकवणारी तरफ उलट लांब होते. गाडी दिसायला चपळ आणि वळणात जड, असं होण्याचं हे कारण. ट्रॅकसाठी मूळ उंचीपेक्षा वीस-पंचवीस मिलिमीटरहून जास्त खाली जाऊ नका.

परत आल्यावर हिंगणघाटच्या गॅरेजमधल्या चाचांनी गाडी वर घेतली आणि लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून नुसती दाबली. आर्म बोटभर हलला. ब्रेक मारला की चाक मागे ढकललं जातं, टो (वरून पाहता चाक किती आत-बाहेर वळलंय ते) बदलतो, आणि मशीनवर काढलेली अलाइनमेंट ट्रॅकवर राहतच नाही. मागे मल्टिलिंक (एकेका चाकाला अनेक आर्म) असल्यानं तिथे बुश जास्त. प्रत्येकात थोडी थोडी ढिलाई साठली की मागचं चाक स्वतःच्या मनानं वळतं. तुम्हाला पुढून सरकल्यासारखं वाटतंय त्यातला बराच भाग यातूनच येत असणार.

आम्ही सगळे बुश, स्ट्रटचे वरचे माउंट, बॉल जॉइंट आणि अँटिरोल बारच्या (गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक नव्या घातल्या. मूळ प्रकारचं रबरच घेतलं. पॉलियुरेथेनचा (रबरापेक्षा कडक बुशचा) मोह आवरा, निदान मागच्या बाजूला. तिथले आर्म अनेक दिशांनी पिळले जातात, कडक पॉली त्यांना अडवतं आणि सस्पेन्शन अडकत चालतं. आणि घरी जायचा रस्ताही माझ्यासारखाच असेल तर तुमच्या पाठीचा विचार करा.

चाचांचं एक वाक्य मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो: "बेटा, गाडी वर टांगलेली असताना बुशचे बोल्ट आवळू नको. तिला पायावर उभी राहू दे, मंग आवळ." चाकं लोंबकळत असताना बोल्ट कसला तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. ही एक चूक नवे बुश वाया घालवते, आणि घाईच्या गॅरेजमध्ये ती सर्रास होते. स्वतः उभं राहून पाहा.

बुशनंतर शॉक. गाडीचा कोपरा दाबून ती किती डोलते हे पाहणं पुरेसं नाही, त्यातून फक्त पूर्ण मेलेला शॉक कळतो. तेल पाझरलंय का बघा. सव्वा लाख किलोमीटर मूळ शॉकवरच झाले असतील तर न पाहताच बदला. चांगले गॅसचे शॉक आणि जरा कडक स्प्रिंग यांचा जुळलेला संच मला स्वस्त कॉइलओव्हरपेक्षा कितीतरी बरा वाटतो.

मग अलाइनमेंट. पुढच्या स्ट्रटला खाली जे दोन बोल्ट आहेत त्यांतल्या वरच्याच्या जागी कॅम्बर बोल्ट (कॅम्बर कमीजास्त करता येणारा बोल्ट) बसतो. मी उणे दीड अंश ठेवतो, टो शून्य. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला अडीचपर्यंत नेतात, पण रोजच्या रस्त्यावर टायरची आतली कड लवकर जाते. पुढून सरकणं तरीही उरलं तर मागचा अँटिरोल बार जाड करा, तो पुढच्या चाकांचं ओझं हलकं करतो. पावसात मात्र मागची बाजू सुटू शकते, तेव्हा सवय होईस्तोवर हळू चालवा.

टायरची हवा पिटमध्ये थांबल्या थांबल्या, गरम असतानाच मोजा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सकाळी भरलेल्या आकड्याला दुपारी अर्थ राहत नाही. ब्रेकचं तेलही जाण्याआधी बदला. डॉट 4 प्रतीचं तेल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेलं 155 च्या आसपासच उकळू शकतं, आणि मग पॅडल जमिनीला टेकतं. वळणात नव्या गाडीला गाठायचं असेल तर वळणाआधी भरवशानं थांबता आलं पाहिजे.

या रविवारी गाडी स्टँडवर घ्या, टॉमीनं प्रत्येक आर्म हलवून पाहा, आणि पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडेचा फोटो इथेच टाका. ती कड किती खाल्ली गेलीय ते पाहून कॅम्बर किती ठेवायचा ते सांगतो.