मालवणला जायची तारीख संकष्टी बघून ठरवा

तुमचा प्रश्न असा: जानेवारीत दोघे मित्र कोल्हापूरहून गाडीने तीन दिवस मालवणला जाणार, रिसॉर्टमध्ये लोळायचं नाही, खडकाळ किनारा, निसर्ग आणि थोडं साहस हवंय, तर काय काय करावं?

माझं आजोळ मालवणजवळचं, त्यामुळे उत्तर जरा उलट्या बाजूने देतो. काय करायचं हे मागाहून बघू, आधी कधी जायचं ते ठरवा. आणि ते शनिवार-रविवार बघून नाही, तिथी बघून.

पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा चढउतार कमी, ओढ कमी, गाळ कमी ढवळतो, म्हणून पाण्याखाली लांबचं दिसतं. आता पंचाईत अशी की खडकांतून चालायला मोठी ओहोटी लागते आणि स्कूबाला भांग. दोन्ही एकाच दिवशी नीट जमत नाही. म्हणून मी संकष्टीला सुरुवात करा म्हणतो. उधाण ओसरू लागलेलं असतं आणि ओहोटी सकाळी साडेआठ-नऊच्या मागेपुढे येते. ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते, एवढं लक्षात ठेवलंत की पुढचा हिशोब तुमचा तुम्हाला करता येईल. (उपास करत असाल तर पहिल्याच दिवशी सुरमई हुकेल, त्याला माझा इलाज नाही.)

पहिल्या सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर जा. तिथे मोरयाचा धोंडा आहे. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी 1664 साली झाली तेव्हाची पूजा इथली, असं सांगतात. समोर पद्मगड हा छोटा किल्ला दिसतो. चांगली ओहोटी असली की तिथपर्यंत पायी जाता येतं. मात्र दांडीवरच्या एखाद्या मच्छीमाराला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. मी कॉलेजात असताना न विचारता गेलो होतो, तेही साध्या स्लीपरवर. खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शंख, बोटाएवढे मासे बघत बसलो आणि वेळेचं भान सुटलं. किनाऱ्यावरून एक आजोबा ओरडले, "झिला, पाणी भरूक लागला, बेगीन ये!" परतताना पाणी मांडीपर्यंत आलं होतं, एक स्लीपर वाहून गेली आणि कालवांनी तळपाय असा चिरला की पुढचे चार दिवस टाचेवर चाललो. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. जुने बूट घाला, भिजले तर भिजू देत.

दुसऱ्या दिवशी स्कूबा. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक धरूनच नेतो. खाली गेल्यावर कानावर दाब आला की नाक दाबून हळू फुंकायचं. कान मोकळा झाला नाही तर खुणेने सांगायचं आणि वर यायचं, मर्दुमकी दाखवायची नाही. सर्दी किंवा दमा असेल तर हा बेतच सोडा. जेट्टीवर दर सांगत मागे लागणारे बरेच भेटतील. सगळ्यात स्वस्त सांगणाऱ्याने एकदा मला दहाजणांच्या रांगेत उभं करून जेमतेम पाच मिनिटं खाली ठेवलं होतं. किती मिनिटं खाली आणि एका प्रशिक्षकाकडे किती माणसं, हे पैसे देण्याआधी विचारा. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळाला हात लावू नका. आणि स्कूबा परतीच्या दिवशी नको. डुबकीनंतर लगेच उंचावर जाणं बरं नव्हे, तुम्हाला तर घाट चढायचा आहे. मी मध्ये पूर्ण 24 तास ठेवतो.

त्याच संध्याकाळी देवबागला जा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम आहे, तिथे पोहू नका. वरून शांत दिसतं, पण ओहोटीला नदी समुद्राकडे जोरात खेचते. जेट स्की वगैरेंत मला रस नाही, तुम्हाला असेल तर तिथे सगळं मिळेल.

तिसरा दिवस सिंधुदुर्गाचा. पहिल्या होडीने जा, दहानंतर गर्दी होते. बहुतेक लोक शिवराजेश्वराचं मंदिर बघून परततात. तुम्ही तटावरून फिरा. जवळजवळ तीन किलोमीटरचा तट आहे, पश्चिमेच्या अंगाला लाटा थेट दगडावर आपटतात आणि तिथे बहुधा तुम्ही दोघेच असाल. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघा. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि या विहिरींचं गोडं. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की जास्त वेळ लागेल, नाहीतर तासाभरात हाका सुरू होतात.

जेवायला हॉटेलांच्या पाट्या बघत फिरू नका. आदल्या संध्याकाळी जेट्टीजवळ मासळीचा लिलाव लागतो, तिथे थोडा वेळ उभे राहा. काय ताजं आलंय ते तिथेच कळतं. बांगडे भरपूर आले असतील तर सुरमईचा हट्ट सोडा, मुकाट्याने बांगडा मागवा.