‘मावशी, युनिटला कळलं तर?’

देवळाली कॅम्पमधून एका हवालदाराच्या पत्नीनं लिहिलंय: “मावशी, हे बॉर्डरवरून आल्यापासून रात्री झोपत नाहीत. रेंजवर फायरिंग सुरू झालं की हात थरथरतात, आणि इथं फायरिंग तर नेहमीचंच. ओळखीच्या मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणतात, वर दोन पेग घेतात. एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलला) चला म्हटलं की म्हणतात, मेडिकल कॅटेगरी लागेल, हत्यार काढून घेतील, प्रमोशन गेलं समज. माझ्या भावाच्या नावानं कॉलेज रोडला प्रायव्हेट डॉक्टरला दाखवावं असं मनात आहे. इकडे सीओसाहेबांच्या (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या) मॅडम भेटल्या की ‘सब ठीक है ना?’ विचारतात. त्यांना सांगू का? यातलं काही गुप्त राहतं का?”

पोरी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. सगळं गुप्त राहील असं मी तुला सांगणार नाही.

कायदा चांगला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. कुणाच्या जिवाला धोका असेल, उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला सांगणं भाग असेल, न्यायालयाचा आदेश असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल, अशा मोजक्या प्रसंगीच डॉक्टरला बोलता येतं. पण एखाद्या कारखान्यातल्या कामगाराचा डॉक्टर वेगळा असतो आणि मालक वेगळा. फौजेत दोन्ही एकाच घरचे. मनोविकारतज्ज्ञाकडे केस पाठवताना कमांडिंग ऑफिसरचा अहवाल लागतो: माणूस कामाला कसा आहे, वागण्यात काय फरक पडलाय. म्हणजे सीओंना कळणारच. तुझ्या नवऱ्याची भीती खोटी नाही, आणि ‘तसं काही नसतं हो’ म्हणून ती उडवून लावू नकोस. त्याला ते लगेच कळेल आणि तो पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही.

मला मात्र यात दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. ज्याच्या हातात हत्यार आहे तो ड्युटीला फिट आहे का, हे युनिटला कळणं रास्त आहे. शेजारच्या जवानाचा जीवही त्यावर असतो. पण तिकडे त्यानं काय पाहिलं, कोण गेलं, रात्री काय दिसतं, हे डॉक्टरजवळ बोललेलं बराकीत चघळलं जाणं मुळीच रास्त नाही. म्हणून पहिल्याच भेटीत त्यानं डॉक्टरांना सरळ विचारावं, “सर, यातलं युनिटकडे काय जाईल?” हे विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर ऐकून किती बोलायचं ते त्याचं तो ठरवेल.

कॅटेगरीचंही तसंच. फौजेत जवानाची तब्येत ‘शेप’ या श्रेणीत मोजतात, त्यातला पहिला ‘एस’ मनाचा. त्यात खालची श्रेणी मिळाली की काही काळ हत्याराची ड्युटी बंद होऊ शकते, प्रमोशनच्या वेळी कॅटेगरी बघितली जाते, हे खरं. पण ती श्रेणी बहुतेक वेळा आधी तात्पुरती असते, ठरावीक आठवड्यांनी पुन्हा डॉक्टरांचं बोर्ड बसतं आणि माणूस बरा झाला की शेप-वन, म्हणजे पूर्ण फिटची श्रेणी, परत मिळू शकते. मोडलेला पाय प्लास्टरमध्ये असताना त्याला कुणी दौडीला उभं करत नाही, तसंच हे. आणि एक गोष्ट जवान फार उशिरा लक्षात घेतात. उद्या हा आजार वाढला तर अपंगत्व पेन्शनचा निर्णय आजार नोकरीमुळे झाला किंवा बळावला का, यावर होतो, आणि तो कागदांवरून होतो. आज सगळं लपवलं तर त्या वेळी दाखवायला हातात काय असणार?

भावाच्या नावाचा विचार सोडून दे. डॉक्टर भावाचं वय, भावाचा इतिहास धरून औषध लिहील आणि ते तुझा नवरा घेईल. त्याला त्रास झाला तर कुठल्या तोंडानं सांगणार? भावाच्या नावाला त्याला नसलेला आजार चिकटेल, आणि वार्षिक मेडिकलला आजाराबद्दल सही करताना तुझ्या नवऱ्याला खोटं लिहावं लागेल. फौजेत खोट्या सहीचा त्रास आजारापेक्षा मोठा होतो.

त्याहून तातडीच्या त्या गोळ्या. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. ओळखीवर मिळतात म्हणून ती साधी होत नाहीत. दारूबरोबर घेतली तर झोपेत श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो. पण आज रागानं उचलून फेकूनही देऊ नकोस. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. दारू आजपासून बंद, आणि गोळी डॉक्टरच्या सांगण्यानं हळूहळू कमी.

मॅडमना आत्ता काही सांगू नकोस. त्या मनानं कितीही चांगल्या असतील, वेल्फेअरच्या बैठकीतलं बोलणं कुठल्या फाइलीत बंद होत नाही, आणि नवऱ्याला ते दुसऱ्याकडून कळलं तर त्याच्या लेखी तू युनिटची माणूस होशील. “सब ठीक है, मॅडम, थोडी नींद की तकलीफ है” एवढंच पुरे.

सुरुवात १४४१६वर कर. टेली-मानस ही सरकारी फोनसेवा, फुकट, चोवीस तास, मराठीतही. डिसेंबर २०२३मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष सुरू झाला. या फोनला युनिटची परवानगी लागत नाही. पहिला फोन तूच कर, स्वतःसाठी. रात्र रात्र तूही जागी आहेस, पत्रात त्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीस. मग एखाद्या रविवारी, तो प्यायलेला नसताना, त्याला सांग की मी बोलले, आता तू बोल. त्यानंतर एमएचला जाताना तू सोबत जा.

एका बाबतीत मात्र त्याचा शब्द पाळायचा नाही. “मी नसलेलाच बरा” असं म्हणाला, निरवानिरवीचं बोलू लागला, तुला किंवा मुलांना इजा करेल असं वाटलं, तर त्याची परवानगी विचारत बसू नकोस. त्याच घटकेला एमएचच्या कॅज्युअल्टीत ने, आरएमओंना, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांना, फोन कर, गोळ्या आणि धारदार वस्तू घरातून हलव. कॅटेगरीचं नंतर बघू. तो चिडेल, महिना महिना बोलणार नाही. चालेल.