इंग्रजी शब्द ‘लर्न’: सुरुवातीला एवढंच धरा

ताई, घाबरू नका. खानापुरात वाढलात, मराठी-कन्नड दोन्ही बोलता, म्हणजे कान तयार आहे. आपलं शिकणं-शिकवणं, कन्नडचं कली-कलिसु; एकाच शब्दाला शेपूट जोडलं की काम झालं. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द: लर्न आणि टीच. म्हणून ‘शी लर्न्ड मी इंग्लिश’ नको, ‘शी टॉट मी’ म्हणा (टॉट म्हणजे टीचचा भूतकाळ). सगळ्यात जास्त चूक इथंच होते, माझीही वर्षभर व्हायची.

‘मुलगा दहावीत शिकतो’ तिथं स्टडी. लर्न म्हणजे अंगी येणं: ‘आय लर्न्ड टू स्विम’. मधला टू गाळू नका.

लर्नचा अर्थ ‘कळणं’ही होतो: ‘आय लर्न्ड दॅट द बस वॉज लेट’.

भूतकाळात लर्न्ड की लर्न्ट? दोन्ही चालतात. बाकीचं पुढच्या महिन्यात बघू.