व्हिज्युअल स्टुडिओने बांधलेली बूस्ट मिनजीडब्ल्यूच्या प्रोजेक्टला का जुळत नाही?

बूस्ट (सी प्लस प्लसच्या तयार लायब्ररींचा संच) मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओने बांधून ती मिनजीडब्ल्यूच्या, म्हणजे विंडोजवरच्या जीसीसी कंपाइलरच्या, प्रोजेक्टला जोडली; हेडर (फंक्शनची ओळख देणाऱ्या फाइली) सापडतात, कंपाइलही होतं, पण लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना, 'अनडिफाइंड रेफरन्स'च्या ओळीच्या ओळी येतात, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा कोड बरोबर असावा. सी प्लस प्लसमध्ये कंपाइलर फंक्शनची नावं एका ठरावीक पद्धतीने बदलून ठेवतो. मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी, जीसीसीची वेगळी, त्यामुळे लिंकरला नावच सापडत नाही. आपल्या सोलापुरात एका मापाच्या मागासाठी भरलेला बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) दुसऱ्या मापाच्या मागावर चढवत नाहीत, तसंच हे.

बूस्टच्या बहुतेक लायब्ररी नुसत्या हेडरच्या आहेत, त्यांना काही करायची गरज नाही. फाइलसिस्टिम, प्रोग्रॅम ऑप्शन्स अशा मोजक्याच बांधाव्या लागतात. बूटस्ट्रॅप (बांधणीची तयारी करणारी बूस्टची स्क्रिप्ट) चालवताना जीसीसी सांगा, मग बी-टूला (बूस्ट बांधणारं साधन) टूलसेट, म्हणजे वापरायचा कंपाइलर, म्हणूनही जीसीसीच द्या. बिल्डचं आणि स्टेजचं (तयार लायब्ररी जिथे येतात ते) फोल्डर मात्र प्रत्येक कंपाइलरसाठी वेगळं ठेवा, ही माझी कळकळीची विनंती. लॅबमध्ये मुलांचे तासन्‌तास जुन्या फाइली मिसळल्यामुळेच वाया जाताना मी पाहिलेत. विंडोजवर फाइलच्या नावातच खूण असते: 'व्हीसी' म्हणजे मायक्रोसॉफ्ट, 'एमजीडब्ल्यू' म्हणजे मिनजीडब्ल्यू.

लायब्ररी आणि प्रोजेक्ट दोन्ही ३२ बिटचे की दोन्ही ६४ बिटचे, हेही तपासा.

लिनक्सवर अशाच एररमध्ये 'सीएक्सएक्स११' दिसलं, तर जीसीसी ५ पासून (२०१५) बदललेल्या स्ट्रिंगच्या (मजकूर साठवणाऱ्या प्रकाराच्या) रचनेचा संशय घ्या. तिथेही लायब्ररी त्याच कंपाइलरने, त्याच सेटिंगने पुन्हा बांधा.