हुशार आहे, मग लिहीत का नाही?

"मॅडम, मुलगा हुशार आहे, पण आळशी आहे. तोंडी सगळं येतं, पेपरात काहीच उतरत नाही." पुण्यातले पालक हे वाक्य थोड्याफार फरकाने मला सतत ऐकवतात, आणि त्यापाठोपाठ शाळेकडे सवलत मागितली तर मुलावर शिक्का बसेल ही भीतीही बोलून दाखवतात.

कोथरूडच्या एका कुटुंबातील सातवीतल्या मुलाच्या वहीवर "क्षमता आहे, कष्ट नाहीत" असा शेरा होता. भरती-ओहोटी का येते, हे मी त्याच्याकडून आधी लिहून घेतले आणि नंतर त्याच्या संमतीने तोंडी उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित केले. (ही पद्धत मी अनुभवातून बसवली आहे आणि ती क्वचितच फसते.) वडिलांना मी फक्त कागद दिला. अडीच ओळी, गिचमिड अक्षर, 'चंद्र' दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेला. त्यांनी पाचपैकी दोन गुण दिले. मग मी ध्वनिमुद्रण ऐकवले. त्यात चंद्राबरोबर सूर्याचे आकर्षण होते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे कारणही होते.

"हे पाठ केलंयस का?" वडिलांनी विचारले.

"नाही बाबा. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच मोकळी होते, हे तुम्हीच दाखवलं होतंत ना."

"मग लिहिलं का नाहीस?"

"लिहिताना अक्षराकडे बघावं लागतं. तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं."

वडील बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मग गुण नक्की कशाला दिले मी?" विवेकनिष्ठ विचारसरणीवर, म्हणजे मनातल्या अवास्तव अटी तपासून त्या सोडण्यावर, माझा भर असल्यामुळे हुशार मुलाला सगळेच जमायला हवे ही पालकांची अट सैल होणे मी उपचाराइतकेच मोलाचे मानते, आणि त्या प्रश्नात ती सैल झालेली मला दिसली.

अशा मुलांची बुद्धी लेखनातली अडचण झाकते आणि ती अडचण बुद्धी झाकते. गुण मध्यम पडतात, म्हणून मदतीच्या आणि प्रज्ञावंतांच्या अशा दोन्ही याद्यांतून ती सुटतात. त्यामुळे बुद्धिमापन चाचणीचा एकच अंतिम आकडा पाहून थांबू नये. आकलन आणि लेखनाचा वेग यांत किती दरी आहे ते चाचणी घेणाऱ्या तज्ज्ञांना आवर्जून विचारावे.

शाळेशी ठरवायच्या आराखड्यात मुलाच्या बलस्थानांना पहिली जागा द्यावी. विज्ञानाचे काही मूल्यमापन तोंडी, फळ्यावरचे उतरवण्याऐवजी छापील टिपणे, मोठा प्रकल्प तुकड्यांत, आणि त्याच्या कुवतीचे अवघड काम, एवढे मागावे. शुद्धलेखनाच्या तासासाठी त्याचा विज्ञानाचा किंवा बुद्धिबळाचा तास कापला जाणे मला अजिबात मान्य नाही.

वर्गातल्या या सोयींना प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. दहावीच्या परीक्षेतील सवलतींसाठी मात्र शासनमान्य रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते, म्हणून नववीपर्यंत थांबू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) आहे आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेसाठी तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळेची तरतूद आहे. अवधानाची, म्हणजे लक्ष टिकवण्याची, अडचण त्या 21 प्रकारांत स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे केवळ तीच असलेल्या मुलांसाठी शाळेशी झालेली लेखी बोलणी अधिकच मोलाची.

या मुलाच्या शाळेतील बैठकीत वर्गशिक्षिकांनी विचारले, "मग हा इतरांवर अन्याय नाही का?" प्रश्न प्रामाणिक होता. अक्षराचे गुण भाषेच्या पेपरात कापा, विज्ञानात विज्ञान तपासा, असे मी सुचवले आणि त्यांना ते पटले. आराखडा एकाच पानावर लिहून त्यावर मुलाचीही सही घेतली आणि सहामाहीनंतर फेरआढावा ठरवला. पान एकच ठेवण्याचा आग्रह माझा होता, कारण पुढच्या वर्षीच्या नव्या शिक्षकांनी ते खरोखर वाचायला हवे.