वाचकांचे प्रश्न : ऐंशी खुर्च्यांचं रंगमंदिर

आम्हाला ३० × ५० फुटांचं गोदाम महिना ५०,००० रुपयांनी मिळतंय. तिथे नव्या नाट्यसंस्थांसाठी ना-नफा तत्त्वावर जागा चालवायची आहे. एका प्रयोगाचं भाडं किती ठेवावं? — नाशिक

ठरावीक भाडं ठेवूच नका. नव्या संस्थेच्या पहिल्या प्रयोगाला बारा माणसं येतात, कधी पंचेचाळीस. तिकीट २०० रुपये धरलं तर बारा प्रेक्षकांचे २,४०० होतात. तुमचं भाडं ४,००० असेल तर संस्थेला १,६०० रुपये पदरचे घालावे लागतात, आणि दुसरा प्रयोग होत नाही. त्याऐवजी 'किमान १,५०० रुपये किंवा तिकीटविक्रीच्या ३० टक्के, यातलं जे जास्त असेल ते' असा करार करा. बारा प्रेक्षकांनाही संस्थेकडे ९०० रुपये उरतात. पंचेचाळीस आले तर तुम्हाला २,७०० मिळतात, ऐंशी खुर्च्या भरल्या तर ४,८००. अर्थात मग तिकीटविक्री तुमच्या खिडकीवरून किंवा तुमच्याच ऑनलाइन खात्यातून व्हायला हवी. नाहीतर आकड्यांवरून वाद ठरलेला.

एवढ्यावर जागा चालत नाही. खर्च मांडून बघा : भाडं ५०,०००, वीज १४,०००, प्रकाश-ध्वनी सांभाळणारा तंत्रज्ञ २२,०००, देखभाल आणि साफसफाईचा माणूस १४,०००, केबल-दिव्यांची दुरुस्ती ६,०००, विमा-ऑडिट-फोन ४,०००. झाले १,१०,०००. महिन्याला दहा प्रयोग सरासरी २,७०० रुपयांनी धरले तर २७,०००च येतात. अशा जागा तगतात त्या तालमींवर. चार तासांचा स्लॉट ८०० रुपयांना दिला आणि महिन्यात पन्नास स्लॉट गेले तर ४०,००० मिळतात. पुस्तक प्रकाशन, कार्यशाळा, चित्रीकरण अशा चार कार्यक्रमांना प्रत्येकी ६,००० लावले की २४,०००. इथे संकोच करू नका, ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पूर्ण भाडं घ्या. एकूण ९१,०००. उरलेल्या १९,०००साठी महिना ५०० रुपये देणारे अडतीस आश्रयदाते लागतील. पहिल्या वर्षी पन्नास स्लॉट जात नाहीत, तीसच धरा. मग आश्रयदात्यांचे पैसे धरायच्या आधीची तूट ३५,००० होते. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बँकेत नसेल तर कुलूप उघडू नका.

मागणीला हंगाम असतो. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांमुळे जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजची मुलं तालमीला जागा शोधत असतात, राज्य नाट्य स्पर्धेच्या आधी हौशी संस्था. दुपारी अकरा ते चार मात्र बहुतेक रिकामं जातं. ती वेळ नृत्यवर्गांना निम्म्या दरात द्या. शनिवार-रविवार मोकळे सोडलेत तर जम बसलेल्या संस्था तीन-तीन महिने आधी अडवून ठेवतात. म्हणून महिन्यातले दोन शनिवार-रविवार, तीनपेक्षा कमी नाटकं केलेल्या संस्थांसाठी राखीव ठेवा आणि ते पंधरा दिवस आधीपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नका.

करार अकरा महिन्यांचा करून त्यात वायरिंग आणि दिव्यांचे पाइप बसवण्याचा मोह टाळा. मालकाने बारावा महिना नाकारला तर सगळं भिंतीतच राहतं. साठ महिन्यांचा नोंदणीकृत करार मागा. तो मिळत नसेल तर शाळेचं सभागृह संध्याकाळपुरतं घेणं शहाणपणाचं. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने १९७४पासून प्रायोगिक नाटकं केली, ती याच पद्धतीने.

हॉलमध्ये संवाद घुमतो. अंड्यांचे ट्रे लावले, फरक नाही. छप्पर पत्र्याचं आहे. — कोल्हापूर

ते ट्रे आजच काढा. वरच्या पट्टीतला थोडासा आवाज सोडला तर ते काही शोषत नाहीत, आणि पेटतात चटकन. मध्यभागी उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागून फडफड ऐकू आली तर तो दोन समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींमधला खेळ आहे. त्यातल्या एका भिंतीवर ५० मिलिमीटर जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) लाकडी चौकटीत कापडाने झाकून लावा. जमिनीपासून तीन ते आठ फुटांच्या पट्ट्यात. समोरच्या भिंतीवर जाड काळा पडदा, भिंतीपासून वीतभर पुढे आणि दुप्पट कापड घेऊन चुण्यांचा. ताणून लावलेला पडदा फारसा उपयोगी पडत नाही.

पत्र्याचा प्रश्न वेगळा आहे. पोकळी सोडून खाली रॉकवूल आणि जिप्समचं छत केलं तर पावसाचा ताशा कमी होतो, पण कोल्हापूरच्या धो-धो सरीत कुजबुजीचं नाटक तरीही ऐकू येणार नाही. शांत नाटकं नोव्हेंबर ते मे घ्या, पावसाळा तालमींना आणि नृत्याला द्या. दिवे मात्र त्या छताला टांगू नका. त्यांचे पाइप थेट छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैचीला (ट्रसला) हवेत आणि प्रत्येक दिव्याला स्वतंत्र सुरक्षा साखळी.

शेवटच्या प्रवेशात सगळे दिवे फुल केले की काही मिनिटांत एमसीबी पडतो. स्पीकरमध्येही गुणगुण येते. — ठाणे

एक हजार वॅटचे सहा हॅलोजन एकाच १६ अँपिअरच्या लाइनवर असणार. २३० व्होल्टला प्रत्येकी ४.३ म्हणजे सगळे मिळून २६ अँपिअर. एवढ्या जादा भाराला एमसीबी लगेच पडत नाही, तापून पडतो. म्हणून तालमीत कळलं नाही. ३२ अँपिअरचा एमसीबी बसवायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका, वायर तीच राहिली तर आग भिंतीतून लागेल. एका लाइनवर तीनच दिवे ठेवा. बाकीच्या जागी दीडशे वॅटचे 'एलईडी पार' जातीचे रंगमंचीय दिवे चालतील. फक्त चेहऱ्यासाठी दोन हॅलोजन राखा, कारण स्वस्त एलईडी मंद करताना शेवटी झटका देतात. एलईडी मधूनच वेडेवाकडे लुकलुकत असतील तर डीएमएक्स (दिव्यांना हुकूम पोचवणारी केबल) साखळीतल्या शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर लावून पाहा.

गुणगुण बहुधा दिवे मंद करणाऱ्या डिमरची. ध्वनीचा सगळा सरंजाम वेगळ्या फेजवर आणि एकाच बोर्डावरून घ्या, आणि माइकची केबल विजेच्या केबलला समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

परवाने आणि जीएसटीचं काय? — पुणे

संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेणं नाट्यसंस्थेचं काम. पण त्याची प्रत फाइलला लावल्याशिवाय तारीख पक्की करू नका. जागेचा परवाना आणि अग्निशमनाचा दाखला तुमच्या नावावर. बाहेर उघडणारी दोन दारं नसतील तर तिथेच अडकाल. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही. हॉलच्या भाड्याला तो लागू होतो, मात्र वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची गरज नाही. ही उलाढाल मोजताना करमाफ तिकीटविक्रीही धरतात. नाटकात सिनेमाचं गाणं वाजत असेल तर गीत-संगीताचे हक्क आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे असतात. दोन्हींची जबाबदारी संस्थेवर आहे, हे करारात लिहून घ्या.